नाही म्हणा, पण लेखी म्हणा

प्रति,
माननीय मुख्य आयुक्त व सर्व आयुक्त,
महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोग

महोदय,

मी 34 वर्षं पोस्टमन होतो. नोकरीला लागून दोन महिनेही झाले नसतील, तेव्हाची गोष्ट. एका रजिस्टर पाकिटाचा मालक दारातूनच म्हणाला, "नाही घेत, जा." मी पाकीट तसंच परत आणून टेबलावर ठेवलं. पोस्टमास्तरांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "शेरा कुठाय?" शेरा नव्हता. त्यांनी मला त्याच सायकलवर त्याच दारात परत धाडलं. सात किलोमीटर, मे महिन्यात. पुन्हा विचार, पुन्हा नाही म्हणाला तर तिथेच उभा राहून लिही, म्हणाले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या पिशवीतून एकही पाकीट शेऱ्याशिवाय परत गेलं नाही. "घेण्यास नकार", "घर बंद", "पत्ता अपुरा", "बाहेरगावी", "मयत". खाली तारीख, तारखेखाली सही. पाठवणारा पुण्यात असो की पाटण्यात, पत्र का परत आलं ते त्याला कळायचं आणि पुढचं काय ते तो ठरवायचा.

हे सांगायचं कारण असं, की माझ्या वहिनींचा उत्पन्नाच्या दाखल्याचा एक साधा अर्ज आमच्या तालुक्याच्या कचेरीत सप्टेंबर 2024 पासून जून 2025 पर्यंत अडकून राहिला, आणि एवढ्या दिवसांत त्यावर एकाही माणसाने शेरा लिहिला नाही.

कचेरीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की एका कारकुनाची बदली होते आणि प्रश्न सुटला असं सगळे धरून चालतात. शिवाय ज्यांना मी हे पत्र दाखवलं, त्यातल्या प्रत्येकाने "हे आमच्याच तालुक्याचं आहे" असंच म्हटलं. तुमच्या आयोगाबद्दलही माझी तक्रार नाही. आमच्यासारख्यांचं प्रकरण तुमच्यापर्यंत येतच नाही, आणि ते येऊ नये याची सोय पहिल्याच टेबलावर झालेली असते, ही माझी तक्रार आहे. पत्र खुलं ठेवलंय ते याचसाठी.

वहिनींचं वय 66. माझा थोरला भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. आमच्या शेजारच्याच दोन खोल्यांत राहतात, स्वतःचं स्वतः करून खातात. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा गावातल्या सगळ्या बायकांबरोबर त्याही रांगेत उभ्या राहिल्या. दोन तासांनी खिडकीपाशी कळलं, वयाची मर्यादा 65. "आजी, तुम्ही श्रावणबाळचा करा," असं त्यांना सांगण्यात आलं. सांगणारा चुकीचं सांगत नव्हता. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना 65 आणि त्यापुढच्या वयासाठी आहे, महिन्याला 1,500 रुपये मिळतात. फक्त उत्पन्न वर्षाला 21,000 रुपयांच्या आत हवं. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

21,000 म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा होत नाहीत. त्याच राज्यात, त्याच महिन्यात, लाडकी बहीणसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख होती. पासष्टीपर्यंत बाई अडीच लाखांवर गरीब, आणि पासष्टी ओलांडली की 21 हजारांवरही श्रीमंत. हा प्रश्न आयोगाचा नाही, विधिमंडळाचा आहे. पण लिहायचा राहिला असता तर मला झोप लागली नसती.

दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव अजून तलाठीच म्हणतं. आमच्या तलाठ्यांकडे तीन गावं. आमच्याकडे मंगळवारी येतात आणि त्या मंगळवारी नेमकी तालुक्याला बैठक निघते. ऑगस्ट अहवालातच गेला. 2 सप्टेंबरला सेवा केंद्रावर अर्ज भरला, पैसे भरले, क्रमांक असलेली पावती मिळाली. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 15 दिवस. मी कॅलेंडरवर 17 तारखेला गोल केला.

14 व्या दिवशी अर्ज परत आला. त्रुटी: शिधापत्रिकेचं मागचं पान अस्पष्ट.

ठीक आहे, पान अस्पष्ट असेल. पण ते पहिल्या दिवशीही तेवढंच अस्पष्ट होतं ना? केंद्रावरच्या मुलाने खांदे उडवले. म्हणाला, काका, मुदत भरत आली की त्रुटी काढतात, म्हणजे रिपोर्टमध्ये अर्ज उशिरात दिसत नाही. त्याने नवा अर्ज भरला. नवा क्रमांक, नवी पावती, नवे पैसे आणि पुन्हा पहिल्यापासून 15 दिवस. 2 सप्टेंबर ही तारीख सरकारदरबारी जणू उजाडलीच नव्हती.

पुढे 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. "आता आचारसंहिता आहे" हे उत्तर आम्ही तीन वेळा ऐकलं. माणसं निवडणुकीच्या कामाला जुंपलेली होती हे मी समजू शकतो. आम्हालाही मतदानाच्या ड्यूट्या लागायच्या. पण विधवा म्हातारीला उत्पन्नाचा दाखला दिल्याने कुठल्या उमेदवाराला फायदा होतो, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मोबाइलवर अर्जाची स्थिती बघितली की "अंडर स्क्रूटिनी" असं यायचं. वहिनी रोज संध्याकाळी विचारायच्या, "भावजी, काय म्हणतंय ते?" मी म्हणायचो, "तपासतायत." हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं.

डिसेंबरमध्ये मी स्वतः टेबलापर्यंत गेलो. तिथल्या बाई सौजन्याने बोलल्या, हे मुद्दाम नोंदवतो. त्यांनी संगणकावर बघून सांगितलं, "काका, मावशींच्या नावावर सातबाऱ्याला सव्वा एकर दिसतंय. 21 हजारांत नाही बसणार."

मी म्हटलं, "बरं. तसं लिहून द्या."

"लिहून कसं देणार?"

"मग अर्ज नामंजूर करा. कारण टाका. आम्ही पुढे बघू."

"नामंजूर केला तर तुमचंच नुकसान. असू द्या पेंडिंग. बघू साहेबांशी बोलून."

महोदय, हा संवाद घडून बरेच दिवस झाले, तरी माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात दुष्टपणा कुठेच नव्हता. त्या बाईंना खरोखरच वाटत होतं की नकार लेखी न देणं हे आमच्यावर उपकार आहेत. आणि समोर उभा असलेला मी, 34 वर्षं शेरे लिहिलेला माणूस, "बरं, बघा" म्हणून मागे फिरलो.

त्या "बघू"ची किंमत काय होती, ते आता सांगतो. जानेवारीत कचेरीच्या आवारात बसणाऱ्या एका एजंटाने वहिनींना सल्ला दिला. सातबाऱ्यावरचं नाव काढून टाका, हक्कसोडपत्र करा, म्हणजे उत्पन्न शून्य, दाखला आठ दिवसांत. जमीन सामाईक खात्यातली आहे, वहिनींचं नाव आणि माझं नाव. हक्कसोड झालं असतं तर ते सव्वा एकर माझ्याच घरात आलं असतं. त्यामुळे मला न विचारता त्यांनी होकार दिला. "भावजींना कशाला सांगायचं, ते नाही म्हणतील," असं त्या माझ्या सुनेला म्हणाल्या. दुय्यम निबंधक कार्यालयातली तारीख ठरली, मुद्रांकाचे पैसे बांधून ठेवले. आदल्या दिवशी सुनेला राहवलं नाही म्हणून मला कळलं.

1,500 रुपयांच्या पेन्शनसाठी एक बाई आयुष्यात स्वतःच्या नावावर असलेली एकमेव गोष्ट सोडायला निघाली होती, आणि तेही एका तोंडी वाक्यावर. कागदावर "जमीन असल्याने उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त" असं असतं तर मी तो कागद घेऊन चार जाणत्यांकडे गेलो असतो. सव्वा एकर जिरायतीत एका वर्षात किती पिकतं ते दाखवलं असतं. अपील केलं असतं. तोंडी वाक्यावर अपील होत नाही. तोंडी वाक्यावर फक्त एजंट पोसले जातात.

हक्कसोड थांबवलं. तोवर मार्च आला. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपलं आणि अर्जही संपला. आता नव्या वर्षाचा अहवाल आणा, नवीन अर्ज करा.

एप्रिलच्या शेवटी मी नव्या अहवालाची चौकशी करायला गेलो तर कचेरीच्या दाराशी रांगोळी. आत फ्लेक्स, हार, नारळ. 28 एप्रिल 2025. सेवा हक्क दिन, आणि कायद्याला दहा वर्षं पूर्ण. खिडक्या त्या दिवशी कार्यक्रम संपेपर्यंत बंद होत्या. बाहेर बाकावर आम्ही सतरा-अठरा माणसं. आतून माइकवर आवाज येत होता: विहित मुदतीत सेवा मिळणे हा आपला हक्क आहे. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "विहित म्हणजे?" मी सांगितलं, "ठरवून दिलेली." ते म्हणाले, "मग किती वाजता उघडणार?"

पण त्या फ्लेक्सचं माझ्यावर एक ऋण आहे. त्यावर बारीक अक्षरांत "अपील" हा शब्द होता. घरी येऊन मी नातवाकडून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मोबाइलवर उघडून घेतला आणि दोन दिवस वाचला. वाचून राग आला तो वेगळ्याच कारणाने. कायदा चांगला आहे हो. आमच्या मास्तरांनीच लिहिलाय असं वाटावं इतका चांगला.

त्यात लिहिलंय की प्रत्येक कार्यालयाने कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात, कोणता पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे त्या सेवेसाठी नेमलेला अधिकारी, देणार आणि त्याच्यावर पहिलं व दुसरं अपील कुणाकडे, हे फलकावर लावायचं. अर्ज घेतला की क्रमांकासह पोच द्यायची. मुदतीत एक तर सेवा द्यायची, नाहीतर कारण लिहून अर्ज फेटाळायचा, आणि फेटाळताना अपील किती दिवसांत, कुणाकडे करायचं तेही कळवायचं. मुदत टळली किंवा नकार आला की 30 दिवसांत पहिलं अपील. 45 दिवसांत त्यावर निर्णय आला नाही तर दुसरं. त्यानंतर तुमच्याकडे, म्हणजे आयोगाकडे, तिसरं. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. याच्याही आधीचा दप्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा म्हणतो की एका टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये.

मे महिन्यात नवा अर्ज भरला. 15 दिवस मोजले. सोळाव्या दिवशी कचेरीत गेलो, अपील कुणाकडे ते फलकावर बघायला. फलक होता. उन्हाने त्यावरची नावं गेली होती आणि उरलेला अर्धा भाग एका लोखंडी कपाटामागे होता. तीन टेबलांवर विचारलं, तीन उत्तरं मिळाली. शेवटी नातवाने सरकारच्या "आपले सरकार" पोर्टलवरूनच पहिलं अपील दाखल केलं.

पाचव्या दिवशी दाखला आला.

सुनावणी नाही, आदेश नाही, दिलगिरी नाही. अपिलाचं काय झालं तेही कुणी कळवलं नाही. आणि दाखल्यावर उत्पन्न होतं 36,000 रुपये. म्हणजे वहिनी श्रावणबाळमध्ये बसत नाहीत. डिसेंबरमध्ये त्या बाई बोलल्या ते, थोडक्यात, बरोबर होतं.

काही मित्र म्हणतात, मग तुमची तक्रार काय? उत्तर शेवटी नाहीच होतं ना? हो. तेच तर मी सांगतोय. नाही हे उत्तर 17 सप्टेंबरला देता आलं असतं. मग आम्ही त्यावर भांडलो असतो किंवा ते मान्य करून दुसरी वाट धरली असती. जमीन सोडायची पाळी आली नसती. 36,000 हा आकडाही कसा काढला ते दाखल्यावर नाही. पण निदान तो कागदावर आहे, त्याच्याशी आता भांडता येतं, आणि ते मी करणार आहे.

आता मुद्द्यांवर येतो.

पहिला आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट प्रकार त्रुटीचा. मुदत परिपूर्ण अर्जापासून मोजायची हे मला मान्य आहे. अर्धवट अर्जाला अधिकारी जबाबदार नाही. पण त्रुटी शोधायला 14 दिवस लागत नाहीत. आणि त्रुटी एका वेळी एकच का सापडते? आमच्या गावातल्या एका मुलाला दाखल्यासाठी तीनदा परत पाठवलं, दर वेळी नवं कारण. तिन्ही कारणं पहिल्या दिवशी एका कागदावर मावली असती. दर वेळी नवा क्रमांक पडत असल्याने जुन्या अर्जाचे दिवस पुसले जातात. मग वरच्या अहवालात सगळे अर्ज मुदतीत निकाली निघाल्याचं दिसत असेल तर नवल नाही. परत पाठवणं हेही निकाली काढणंच धरलं, तर कुठलीही कचेरी शंभर टक्के कार्यक्षम ठरेल.

दुसरा, तोंडी नकार. त्याबद्दल वर लिहिलंच आहे. एवढंच जोडतो, की तोंडी नकाराने फक्त अर्जदाराचं नुकसान होत नाही. चांगल्या अधिकाऱ्याचंही होतं. त्याने कायद्याप्रमाणे बरोबर नकार दिला असला तरी त्याच्याकडे ते सिद्ध करायला काही नसतं, आणि बाहेर "पैसे दिले नाहीत म्हणून अडवलं" एवढंच पसरतं.

कागदांचं काय सांगावं! शिधापत्रिका तहसीलच्याच पुरवठा शाखेने दिलेली, सातबारा महसूल खात्याचाच, तलाठ्याचा अहवालही त्याच खात्याचा. एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीत न्यायला 66 वर्षांच्या बाईने झेरॉक्सच्या दुकानापर्यंत चालायचं. मार्च 2015 मध्ये शासनाने प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वतःच्या सहीची प्रत चालेल असा निर्णय काढला. तरी आवारात अजून "स्टॅम्प पेपर आणलाय का?" ऐकू येतं. आणि 2024 मध्ये लाडकी बहीणची गर्दी आवरेना तेव्हा सरकारने एका फटक्यात सांगितलं, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. म्हणजे मनात आणलं तर होतं. वहिनींची शिधापत्रिका पिवळी आहे.

फलकाचं सांगितलं. पोर्टलवरची स्थिती मराठीत, कळेल अशा शब्दांत असावी, हे सांगायची वेळ महाराष्ट्रात येऊ नये.

कर्मचाऱ्यांची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. तीन गावं, पंचनामे, ई-पीक पाहणी, निवडणुका, वर रोजच्या बैठका. दहावी-बारावीचे निकाल लागले की जूनमध्ये दाखल्यांची झुंबड उडते आणि नेमकं तेव्हाच सर्व्हर बसतं. माणसं कमी आहेत, ती भरा, हे सरकारला सांगायला हवंच. पण शेरा लिहायला जास्तीचा माणूस लागत नाही. दिवाळीत माझ्या पिशवीत रोजच्या तिप्पट टपाल असायचं, आणि शेरे तेव्हाही लिहावेच लागायचे.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. कायद्याने आयोगाला स्वतःहून दखल घेण्याचा, कार्यालयांची तपासणी करण्याचा आणि कामाची पद्धत बदलायला सुचवण्याचा अधिकार दिलाय, तेवढ्यातलंच मागतो.

त्रुटी काढायची तर अर्ज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत काढावी, सगळ्या एकदमच काढाव्यात, आणि दुरुस्त अर्ज जुन्याच क्रमांकावर चालावा, अशी शिफारस आयोगाने शासनाला करावी. त्यानंतर नवी त्रुटी सापडलीच तर ती अधिकाऱ्याच्या नावासह लिहिली जावी.

अर्जाच्या पावतीवरच शेवटची तारीख आणि अपील कुणाकडे करायचं त्या अधिकाऱ्याचं पदनाम छापलं जावं. फलक उन्हाने पुसला जातो, पावती घरी राहते.

खिडकीवर कुणी "नाही" म्हटलं की अर्जदाराला दोन ओळींचा लेखी शेरा मागता आला पाहिजे, आणि तो त्याच दिवशी मिळाला पाहिजे. छापील नमुना करा. कारण, तारीख, सही. पोस्टाला जमतं ते महसुलाला जमेल.

अपील केल्यावर सेवा दिली, तरी अपिलावर आदेश व्हावा. उशीर का झाला आणि कुणामुळे, हे त्यात यावं. नाहीतर जो अपील करतो त्याला पाच दिवसांत दाखला, आणि जो करत नाही तो बाकावर, अशी नवीच रांग तयार होते. आमच्या गावात आज माझ्याकडे "अपील टाकून द्या" म्हणत लोक यायला लागलेत. मला एजंट व्हायचं नाही.

आणि आयोगाच्या वार्षिक अहवालात एक रकाना वाढवा: किती अर्ज त्रुटीसाठी परत पाठवले, आणि त्यातले किती मुदतीच्या शेवटच्या पाच दिवसांत पाठवले. ही माहिती पोर्टलच्या पोटात असणारच, तारखा पडलेल्याच आहेत. हा एक आकडा तालुकावार छापला तर मला हे पत्र लिहायची गरजही उरणार नाही. सूचना न देता एखाद्या मंगळवारी कुठल्याही कचेरीत येऊन फलकासमोर उभं राहिलात, तरी बरंच काही दिसेल. कपाट तेवढं सरकवायला सांगा.

हे पत्र जे इतर कुणी वाचतील त्यांच्यासाठी दोन शब्द, बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला सांगावेत तसे. अर्जाची पावती कधीही हातची जाऊ देऊ नका. त्यावरच्या तारखेपासून दिवस मोजा आणि कॅलेंडरवर गोल करा. मुदत संपली की 30 दिवसांच्या आत पोर्टलवर पहिलं अपील करता येतं, त्याला वकील लागत नाही. उशीर झाला तर कारण सांगून 90 दिवसांपर्यंत घेतलं जाऊ शकतं. कार्यालयात कागद दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नाही देत म्हणाले तर तोच कागद पोच मागून टपालाने पाठवा. रजिस्टर टपाल 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात मिसळलं, पण पोच अजून मिळते. फाइलवर काय चाललंय ते बघायचं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. आणि जमीन सोडायचा सल्ला कुणी दिला तर आधी घरातल्या कुणाला तरी सांगा. आमच्या सुनेसारखं माणूस प्रत्येक घरात असतंच असं नाही.

पत्र लांबलं. वहिनींना वाचून दाखवलं. हक्कसोडाचा भाग गाळा म्हणाल्या, मग स्वतःच म्हणाल्या, राहू द्या. 36,000 कुठून आले ते विचारणारा अर्ज आम्ही परवाच दिला. आवक क्रमांक मिळाला आहे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन

ता. क. हे पत्र आयोगाच्या मुंबईच्या पत्त्यावर पोच मागून पाठवलं आहे. मागणी मान्य नसेल तरी चालेल, पण उत्तर कारणासह आणि लेखी द्यावं, ही विनंती.